टाटाची पॅलिएटिव्ह टीम: आम्ही उशिरा पोचलो, तुम्ही उशीर करू नका

भाचा ७ वर्षांचा, न्यूरोब्लास्टोमा म्हणजे लहान मुलांना होणारा एक कॅन्सर, हाडांत पसरलेला. आधीच्या हॉस्पिटलात "आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या" म्हणाले आणि आम्ही घरी आणलं, पोरगं रात्रभर पाय धरून रडायचं आणि आम्ही पॅरासिटामॉल देत बसायचो. मॉर्फिन या जबर दुखण्यावरच्या औषधासाठी घाटकोपरातली सगळी मेडिकल पालथी घातली, कुठेच नाही. २०१४ ला त्याचा कायदा सोपा झाला तरी ते बहुतेक मान्यता असलेल्या हॉस्पिटलातूनच मिळतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं हो.

मग परळला टाटा मेमोरियलच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या ओपीडीत गेलो. हा विभाग १९९६ पासून आहे. गर्दी भयंकर, अर्धा दिवस धरूनच जा. पण आत गेल्यावर डॉक्टर आधी भाच्याशीच बोलल्या, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा कागद पुढे केला, त्याने सगळ्यात रडक्यावर बोट ठेवलं. मॉर्फिन म्हटल्यावर ताई घाबरली, सवय लागेल म्हणून. त्यांनी न चिडता समजावलं, दुखायची वाट बघायची नाही, दर चार तासांनी घड्याळ बघून द्यायचं, मधेच दुखलं तर जास्तीचा डोस किती तेही लिहून दिलं, आणि पोट साफ व्हायचं औषध सोबत हवंच. तिसऱ्या दिवशी तो रात्रभर झोपला आणि सकाळी उठून वरणभात मागितला. ताई किचनमध्ये जाऊन रडली.

घरी येणारी टीम मुंबई आणि आसपासच जाते, गावाकडच्यांना फोनवरच विचारावं लागतं, ही अडचण आहे. आमच्याकडे सिस्टर यायच्या, त्याचे पैसे घेतले नाहीत. त्यांच्यासोबतच्या काउन्सेलर ताईंनी मोठ्या भाचीला वेगळं बसवून विचारलं तेव्हा कळलं, तिला वाटत होतं आपण त्याच्याशी भांडलो म्हणून तो आजारी पडला. ११ वर्षांची पोर, इतके महिने मनात घेऊन फिरत होती आणि आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

पॅलिएटिव्ह म्हणजे शेवट असं समजून थांबू नका प्लीज. केमो चालू असतानाही हे सोबत चालतं, पहिल्या दिवसापासून विचारा, डॉक्टर स्वतःहून बोलले नाहीत तरी.

मे मध्ये गेला तो, घरीच, ताईच्या मांडीवर, न कळवळता. त्यानंतर दोनदा सिस्टरचा फोन आला, ताई जेवते का, भाची शाळेत जाते का विचारायला.