अंगणातलं झाड फर्निचरसाठी चिरताना: सरळ कापणी की क्वार्टरसॉन?

वादळात आडवा झालेला कडुनिंब असो, नाही तर घराचं बांधकाम काढताना रीतसर परवानगीने पाडलेला सागवान, ओंडका नागपुरातल्या लकडगंजच्या आरामशीनवर पोहोचला की तिथला मिस्त्री एकच प्रश्न विचारतो, “किती इंची काढू?” तुम्ही जाडी सांगता आणि तो ओंडका एका बाजूने सरळ चिरत जातो. दिशेबद्दल कुणी विचारत नाही. पण पुढची वीस-पंचवीस वर्षं तुमचं टेबल कसं वागणार, हे ठरवण्यात दिशेचा वाटा जाडीपेक्षा मोठा आहे. म्हणून ट्रॉलीवर ओंडका चढण्याआधीच हा निर्णय झालेला बरा.

आधी फरक पाहू. कोणत्याही फळीचं आडवं कापलेलं टोक हातात घ्या. वाढवलयं फळीच्या रुंद बाजूला जवळजवळ समांतर, कमानीसारखी पडलेली दिसली तर ती साधी, सरळ कापणीची फळी. तीच वलयं रुंद बाजूशी साठ ते नव्वद अंशांच्या कोनात उभी दिसली तर ती क्वार्टरसॉन. अशा फळ्या काढायला कलिंगडाच्या फाका कराव्यात तसे ओंडक्याचे उभे चार भाग करतात आणि मग प्रत्येक भाग उलटसुलट फिरवून फळ्या घेतात. वेळ जास्त लागतो आणि तुकडेही जास्त वाया जातात.

मग एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर नागपूरच्या हवेत आहे. लाकूड वलयांच्या दिशेने जेवढं आटतं, त्याच्या जवळपास निम्मंच ते गाभ्याकडून सालीच्या दिशेने आटतं. सागवान ओलं असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत एका दिशेला सुमारे ५.८ टक्के आटतं, तर दुसऱ्या दिशेला सुमारे २.५ टक्के. साध्या फळीची रुंदी पहिल्या दिशेने असते, क्वार्टरसॉनची दुसऱ्या. आता हे घरात आणून पाहू. लाकडातला ओलावा कोरड्या दिवसांत ८ टक्के आणि पावसाळ्यात १४ टक्के धरला, तर तीन फूट रुंदीचा साध्या फळ्यांचा टेबल टॉप वर्षभरात सुमारे एक सेंटिमीटर मागेपुढे होतो. क्वार्टरसॉनचा अर्धा सेंटिमीटरही होत नाही. आपल्याकडे तर मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेनंतर खोलीत कुलर सुरू होतो आणि भर मे महिन्यात लाकूड पुन्हा ओलावा ओढू लागतं. पावसाळ्यात अडकणारे आणि उन्हाळ्यात खडखडणारे ड्रॉवर ज्यांनी ओढले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

साध्या फळीची आणखी एक खोड आहे. सुकताना तिच्या कडा सालीच्या बाजूकडे उचलल्या जातात. रंधा मारून ती सपाट करता येते, पण दीड इंची फळी मग सव्वा इंचीही उरत नाही. क्वार्टरसॉन फळी बरीच सरळ राहते. ती सुकते मात्र हळू. नागपूरच्या उन्हाळ्यात हा मी फायदाच समजतो, कारण लाकूड वरून घाईने वाळलं आणि आतून ओलं राहिलं की पृष्ठभागावर भेगा पडतात.

इतकं वाचून प्रत्येक झाड क्वार्टरसॉनच करावं असं वाटेल. इथे टेप घेऊन घेर मोजावा. समजा घेर सहा फूट आणि लांबी आठ फूट आहे. आरामशीनच्या हिशेबाने घेराचा चौथा भाग दीड फूट, त्याचा वर्ग गुणिले लांबी, म्हणजे १८ घनफूट. व्यास साधारण २३ इंच. अशा ओंडक्यातून सरळ कापणीत मधल्या फळ्या वीस इंचांपर्यंत रुंद निघतात. क्वार्टरसॉनमध्ये हाती अर्धा व्यासच असतो. त्यातून मधला भेंड आणि सालीलगतचं पांढरं कच्चं लाकूड वजा केलं की आठ इंचांच्या आसपास रुंदी उरते. घेर चार फुटांचा असेल तर चार-पाच इंचांच्या पट्ट्याच हाती येतील. घेर पाच फुटांहून कमी असेल तर माझ्या मते पूर्ण क्वार्टरसॉनच्या मागे लागू नये.

खोडाची ठेवणही पाहा. अंगणातली झाडं उजेडासाठी एका बाजूला झुकतात आणि लवकर फांद्या फोडतात. झुकलेल्या खोडात आणि जाड फांद्यांत ताण साठलेला असतो. ते लाकूड कोणत्याही पद्धतीने चिरलं तरी पिळवटतं. सरळ, बिनफांदीचा सहा-आठ फुटांचा बुंधा असेल तरच जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ आहे.

जातीप्रमाणे उत्तर बदलतं. सागवानात क्वार्टरसॉन केल्यावर सरळ, बारीक रेघा येतात. दाराच्या चौकटीला आणि टेबलाच्या पायांना त्या शोभतात. सिल्व्हर ओक अंगणात असेल तर तो नक्की असाच चिरा, कारण त्याच्या किरणपेशींची, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांची, चमकदार जाळी याच कापणीत उघडी पडते. कडुनिंबाचे धागे आलटून पालटून तिरपे असतात. त्यामुळे क्वार्टरसॉन फळीवर उजेडाबरोबर हलणारे सुंदर पट्टे दिसतात, पण रंध्याखाली तेच धागे उपटतात. वाढईला आधीच सांगा: पातं अगदी धारदार हवं, घास बारीक हवा आणि शेवटचं काम पॉलिश पेपरवर. शिसमाची खरी शोभा साध्या कापणीतल्या लाटांत आहे, तिथे मी क्वार्टरसॉन करणार नाही. आंब्यात दिसण्याचा फरक थोडा. त्याला कीड फार लवकर लागते, म्हणून चिरल्याबरोबर बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्याची प्रक्रिया करणं हेच पहिलं काम.

पैशाचं सांगायचं तर आरामशीनचा दर घनफुटावर असतो आणि तो सरळ कापणीचा असतो. चौथाई करून प्रत्येक भाग पुन्हा पुन्हा बसवायचा म्हणजे मजुरी वाढणारच, तेव्हा ती आधी ठरवून घ्या. अंगणातल्या झाडात खिळे, कपड्यांच्या दोरीचे हुक, जुनी तार हमखास सापडते आणि पातं तुटलं तर भुर्दंड कुणाचा यावरून वाद होतो. ओंडक्याच्या टोकावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड असल्याची शंका घ्या आणि मेटल डिटेक्टर फिरवून पाहा. कागदपत्रंही सोबत ठेवा. शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन कायद्याप्रमाणे परवानगी लागते. सागवान असेल तर हलवण्याआधी वनविभागाकडे वाहतूक परवान्याची चौकशी करा.

आता तिसरा मार्ग, जो बहुतेक घरांना मी सुचवेन. ओंडका सरळच चिरून घ्या, पण पहिला काप बरोबर मध्याच्या हिशेबाने बसवायला सांगा. मधल्या दोन-तीन फळ्यांत वलयं आपोआप उभी येतात. त्यांच्यातून भेंडाची पट्टी काढून टाकली की दोन्ही बाजूंना खऱ्या क्वार्टरसॉन फळ्या उरतात. त्यांवर खडूने खूण करा आणि पाय, चौकटी, ड्रॉवरच्या बाजू यांसाठी राखून ठेवा. बाहेरच्या फळ्या बाक, शेल्फ, दिवाणाच्या पाट्यांना चालतात. रुंद, जोडलेला टेबल टॉप किंवा कपाटाची दारं करायची असतील, घेर सहा फुटांच्या वर असेल आणि खोड सरळ असेल, तर मात्र पूर्ण क्वार्टरसॉनचा खर्च करावा.

कोणताही मार्ग निवडलात तरी चिराई शक्यतो नोव्हेंबर ते जानेवारीत उरका. ओंडका पडला त्याच दिवशी दोन्ही टोकांना ऑइल पेंटचे जाड हात द्या. फळ्या सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच, दर दीड फुटाला इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या ठेवून रचा. पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत याव्यात. वर वजन ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये लू लागणाऱ्या बाजूला पोत्याचा आडोसा करा. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष धरा. त्याआधी वाढईने घाई केली तरी फळ्या देऊ नका.