दुसऱ्या ग्रंथालयांतली पुस्तके आपल्या ग्रंथालयातून मागवण्याचा अनुभव

आपल्या सार्वजनिक ग्रंथालयात नसलेले पुस्तक ग्रंथालय आपल्यासाठी दुसरीकडून उसने आणून देऊ शकते, ही सोय नेहमीच्या वाचकांनाही अनेकदा ठाऊक नसते. ग्रंथालयाच्या भाषेत तिला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात, काउंटरवर सरळ इंटर लायब्ररी लोन. गेले काही महिने मी ती नियमितपणे वापरते आहे. माझे मत आधीच सांगते: जुनी, बाजारातून गेलेली पुस्तके आणि नियतकालिकांतले लेख यांसाठी यासारखी दुसरी सोय मला माहीत नाही. नवीन पुस्तकासाठी किंवा तातडीच्या कामासाठी मात्र हिच्यावर विसंबू नका.

माझा विषय आहे हाताने कागद तयार करण्याच्या जुन्या पद्धती. त्यावरची पुस्तके मुळात थोडी, तीही कमी प्रती काढून छापलेली. जुन्या पुस्तकांच्या बाजारात एखादी प्रत निघाली तर ती संग्राहकाच्या किमतीला जाते. साध्या वाचकाला असे पुस्तक हातात मिळण्याचा सरळ मार्ग ग्रंथालयातूनच जातो.

ही सोय चालते कशी, ते थोडे समजून घेतले तर पुढची वाट पाहणे सुसह्य होते. मागणी आपण आपल्या ग्रंथालयाकडे नोंदवायची. पुस्तक देणाऱ्या ग्रंथालयाशी आपला थेट संबंध येत नाही. आपले ग्रंथपाल आधी ते पुस्तक आपल्याच एखाद्या शाखेत नाही ना ते पाहतात, मग संयुक्त तालिकेत शोधतात. संयुक्त तालिका म्हणजे अनेक ग्रंथालयांच्या संग्रहांची एकत्र नोंद. त्यातली सर्वांत मोठी वर्ल्डकॅट. ती चालवणारी ओसीएलसी ही संस्था १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात महाविद्यालयीन ग्रंथालयांनी मिळून सुरू केली. १९७१ मध्ये तिची सामायिक संगणकीय तालिका सुरू झाली आणि १९७९ मध्ये पुस्तके मागवण्याची व्यवस्थाही तिला जोडली गेली. अशा व्यवस्थेत एक मागणी अनेक ग्रंथालयांच्या यादीसह निघते. पहिल्याने नकार दिला किंवा ठरलेल्या दिवसांत उत्तरच दिले नाही, की ती आपोआप पुढच्याकडे सरकते. म्हणून काही दिवस आपल्याला काहीच कळले नाही, तरी मागणी कुठेतरी पडून आहे असे समजू नये. बहुतेक वेळा ती एका दारावरून दुसऱ्या दारावर जात असते.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या वूस्टर इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी १८७६ मध्येच सुचवले होते की ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तके उसनी द्यावीत. देशादेशांमधल्या देवघेवीचे नियम ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, १९५४ मध्ये ठरवले आणि पुढे वेळोवेळी सुधारले. त्यातला एक नियम वाचकाने मनात पक्का ठेवावा: पुस्तक देणाऱ्या ग्रंथालयातून निघाल्यापासून तिथे परत पोचेपर्यंत त्याची जबाबदारी मागवणाऱ्या ग्रंथालयावर असते. वाटेत टपालात गहाळ झाले तरीही. आपल्या हातात येते ते आपल्या ग्रंथालयाच्या शब्दावर आलेले पुस्तक असते. हे एकदा लक्षात आले की काउंटरवरची कडक शिस्त खटकत नाही.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो मागणीच्या अर्जाने. लेखक आणि शीर्षक एवढ्यावर काम भागेलच असे नाही. प्रकाशक, वर्ष, आवृत्ती जितके नेमके द्याल तितके बरे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, असेल तर तो जरूर द्यावा, पण त्याच्या मर्यादाही आहेत. हा क्रमांक १९७० पासूनचा, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकावर तो मिळणारच नाही. २००७ पूर्वी तो दहा अंकी होता, त्यानंतर तेरा अंकी झाला. शिवाय कापडी बांधणीच्या आणि कागदी बांधणीच्या प्रतींचे क्रमांक वेगवेगळे असतात. अर्जात ‘कोणतीही आवृत्ती चालेल’ किंवा ‘हीच आवृत्ती हवी’ हे स्पष्ट लिहा. मला एका ग्रंथाची चित्रे असलेली आवृत्ती हवी होती. तसे अर्जात लिहिले म्हणूनच ग्रंथपालांनी चित्रांविनाच्या पुनर्मुद्रणाची मागणी पाठवली नाही. आणि हवे तर एकच प्रकरण मागा. अख्खे पुस्तक द्यायला नाखूष असलेले ग्रंथालय एका प्रकरणाची प्रत बहुधा आनंदाने देते.

मराठी पुस्तके मागवणाऱ्यांसाठी इथे थोडे थांबते, कारण हे कुणी सांगत नाही. जगातल्या मोठ्या तालिकांत मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत, ठरलेल्या पद्धतीने केलेल्या असतात. काही नोंदींत देवनागरीही असते, सगळ्यांत नसते. या पद्धतीत आपण उच्चारत नाही तो शेवटचा अकारही लिहिला जातो. म्हणजे ‘इतिहास’ शोधताना अखेरीस ए हे अक्षर हवे. ‘च’साठी नुसता सी असतो आणि ‘छ’साठी सीएच. आपण सवयीने ‘चरित्र’ सीएचने टाइप करतो, आणि पुस्तक असूनही तालिका ‘नाही’ म्हणते. ‘श’, ‘ष’, ‘ण’, ‘ळ’ यांच्या खुणा टाइप करता आल्या नाहीत तरी शोध बहुधा लागतो, अकार आणि सी यांनी मात्र अडते. अर्जात मी शीर्षक देवनागरीत लिहितेच, आणि शेजारी तालिकेतले रोमन रूप जसेच्या तसे उतरवते. ज्यांना मराठी वाचता येत नाही असे कर्मचारीही मग अचूक पुस्तक काढून पाठवतात. मराठी पुस्तके दूरदूरच्या विद्यापीठांत आहेत यात नवल नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडले आणि भारतीय भाषांतली पुस्तके आपल्यासाठी व तिथल्या विद्यापीठांसाठी सातत्याने घेतली. कित्येक छोट्या प्रकाशकांची पुस्तके त्यामुळे टिकून आहेत.

लेखांच्या बाबतीत ही सोय मला सर्वांत आवडली. नियतकालिकाचा अंक पाठवत नाहीत, हव्या त्या लेखाची प्रत पाठवतात, आणि ती बहुतेक वेळा स्कॅन होऊन येते. त्यामुळे टपालाचा वेळ वाचतो, परत करायची चिंता राहत नाही. नियतकालिकाचे पूर्ण नाव, खंड, अंक, वर्ष, पाने आणि आठ अंकी आयएसएसएन, म्हणजे त्या नियतकालिकाचा स्वतःचा क्रमांक, एवढे दिले की काम लवकर होते. नियतकालिकांची नावे बदलत असतात, एकाच नावाची दोनही असतात, म्हणून तो क्रमांक महत्त्वाचा. स्वामित्वहक्काच्या कायद्यामुळे इथे मर्यादा येतात. प्रत वैयक्तिक अभ्यासासाठीच असते, आणि एका अंकातून किती लेख घेता येतील यालाही बंधन असते. ते मला योग्य वाटते. लेखांची अशी दूरवर पाठवणी केवढ्या मोठ्या प्रमाणावर करता येते हे ब्रिटनने दाखवून दिले. यॉर्कशरमधल्या बॉस्टन स्पा इथे १९६२ मध्ये डोनाल्ड अर्कहार्ट यांच्या पुढाकाराने विज्ञान-तंत्रज्ञानाचे असे ग्रंथालय उघडले, ज्याचे मुख्य कामच टपालाने साहित्य पुरवणे हे होते. पुढे ते ब्रिटिश लायब्ररीत सामील झाले.

आता नकारांविषयी. ते येतात, आणि त्यांची कारणे कळली तर राग येत नाही. अगदी नवीन पुस्तक बाहेर देत नाहीत, कारण त्यांच्याच सभासदांची रांग असते. संदर्भग्रंथ आणि दुर्मिळ पुस्तके जागेवरच वाचायची असतात. ई-पुस्तके तर बहुधा मागवताच येत नाहीत, कारण ग्रंथालयाकडे त्यांची मालकी नसते, परवाना असतो, आणि त्या परवान्यात दुसऱ्याला देण्याची मुभा क्वचितच असते. ही गोष्ट मला मनापासून चिंतेची वाटते. छापील पुस्तक एकदा घेतले की ग्रंथालय ते कुणालाही देऊ शकते. खरेदी जितकी परवान्यांकडे सरकेल तितका उसन्या देवघेवीचा हा सामायिक साठा आटत जाईल.

आणखी एक कारण म्हणजे कागदाची अवस्था, आणि माझा विषयच तो असल्यामुळे हे मी जास्त बारकाईने पाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्यापासून कागद होऊ लागला आणि त्याला तुरटी व राळेचे पाणी दिले जाऊ लागले. त्यातल्या आम्लाने पाने पिवळी पडतात, मग ठिसूळ होतात, दुमडली की तुटतात. त्यामुळे घडते असे, की चिंध्यांच्या कागदावरचे दोनशे वर्षांपूर्वीचे पुस्तक अजून मजबूत असते, आणि त्याहून शंभर वर्षांनी छापलेले पुस्तक ‘प्रवास सोसणार नाही’ म्हणून नाकारले जाते. अशा वेळी मायक्रोफिल्म, म्हणजे पानांची अगदी लहान आकारात फिल्मवर घेतलेली छायाचित्रे, आहे का ते विचारा. मी विचारले, आणि एका ग्रंथाची फिल्म मिळाली. ती ग्रंथालयातल्या वाचनयंत्रावर बसूनच पाहावी लागते, डोळ्यांना ताण येतो, पण मजकूर पूर्ण मिळतो. तुमच्या ग्रंथालयात हे यंत्र चालू आहे ना, ते मात्र मागवण्याआधी पाहून घ्या.

पुस्तक आले की त्यावर एक कागदी पट्टी किंवा चिठ्ठी असते. ती काढू नये. परतीची तारीख, देणाऱ्या ग्रंथालयाचे नाव आणि अटी त्यावर असतात, आणि ती निघाली तर पुस्तक चुकीच्या कपाटात जाऊ शकते. तारीख आपले ग्रंथालय ठरवत नाही, देणारे ठरवते. मुदतवाढ हवी तर ती तारखेच्या आधीच मागावी, कारण आपल्या ग्रंथालयाला ती पुढे विचारावी लागते. ती मिळेलच असे नाही, आणि मधेच पुस्तक परत मागण्याचा हक्कही त्यांना असतो. वाचायला मिळणारा काळ एकूण अपुरा वाटतो, हे खरे. जाड ग्रंथ असेल तर मी आधी अनुक्रमणिका आणि सूची पाहून कामाची प्रकरणे ठरवते आणि टिपणे त्याच आठवड्यात काढते. कधीकधी ‘फक्त ग्रंथालयात वाचण्यासाठी’ अशी अट घालून पुस्तक येते. मला हे मुळीच गैरसोयीचे वाटले नाही. घरी चाळण्यात गेला असता तो वेळ मेजावर नीट वाचण्यात गेला.

तक्रारी दोन आहेत. पहिली, मागणीचे पुढे काय झाले ते कळत नाही. ‘प्रक्रियेत आहे’ एवढेच दिसते. पुस्तक कुणाकडे विचारले, नकार आला तो कोणत्या कारणाने, हे वाचकाला दाखवायला हवे. कारण कळले तर वाचक मागणी बदलू शकतो: दुसरी आवृत्ती, एखादे प्रकरण, मायक्रोफिल्म. एकदा माझी मागणी कारण न देता बंद झाली होती. मी जाऊन विचारले तेव्हा समजले की मिळत नव्हती ती फक्त नवी आवृत्ती, जुनी आवृत्ती सहज उपलब्ध होती, आणि मला तीच चालणार होती. हा निरोप आपोआप यायला हवा होता. दुसरी तक्रार शुल्काविषयीची. कुठे ही सेवा मोफत असते, कुठे टपालखर्च घेतात, कुठे देणारे ग्रंथालयही आकारणी करते. अर्जाच्या वेळीच ‘अमुक रकमेपर्यंत मान्य, त्यापुढे आधी विचारा’ असे लिहायला जागा असावी. नसली तर शेऱ्यात लिहा. परदेशातून मागवताना ग्रंथालये आपसातला खर्च कसा भागवतात असे मला वाटायचे. त्यासाठी इफ्लाने १९९५ पासून कुपने काढली आहेत, म्हणजे प्रत्येक वेळी चलन बदलून पैसे पाठवावे लागत नाहीत.

ही सेवा संगणकावर चालते असे वाटते, पण ती चालते माणसांमुळे. आमच्या देवघेव विभागातल्या ग्रंथपालांनी माझ्या एका मागणीतला अर्धवट संदर्भ तीन तालिकांत ताडून पाहिला आणि तो लेख ज्या नियतकालिकात मला वाटत होता त्यात नसून त्याच्या पुरवणी अंकात आहे हे शोधून काढले. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले चौथे आहे, वाचकाचा वेळ वाचवा. ते सूत्र कामात उतरलेले मी त्या दिवशी पाहिले. अशा वेळी पुस्तक मिळाल्याचे त्यांना कळवावे, उपयोग झाला तेही सांगावे. कोणत्या सेवेवर खर्च करायचा हे ठरवताना वापराची नोंद पाहिली जाते, आणि वापरच नाही म्हणून ही सेवा बंद पडू नये असे मला फार वाटते.

कुणी घ्यावी ही सेवा? स्वतंत्रपणे अभ्यास करणाऱ्यांनी, ज्यांच्या पाठीशी विद्यापीठाचे ग्रंथालय नाही अशांनी नक्कीच. घराण्याचा किंवा गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी, जुन्या अंकांतले लेख शोधणाऱ्यांनी, एखाद्या भाषेतली पुस्तके जवळ न मिळणाऱ्यांनीही. पुढच्या आठवड्यातल्या परीक्षेसाठी क्रमिक पुस्तक हवे असेल तर मात्र दुसरा मार्ग बघा. पहिल्यांदा जाल तेव्हा काउंटरवर एवढे विचारून घ्या: एका वेळी किती मागण्या नोंदवता येतात, शुल्क कोणते, पुस्तक आले की कळवतात कसे, आणि न्यायला किती दिवस ठेवतात. शेवटचा प्रश्न विसरू नका. ठेवण्याची मुदत परतीच्या मुदतीतूनच जाते, त्यामुळे निरोप आला की त्याच दिवशी जाऊन पुस्तक घ्यावे.