लिनक्स मिंट २२ : वर्षभर वापरल्यावर

मी साताऱ्यात राहते आणि अमेरिकेतल्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. न्यू जर्सीत संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पाच. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की सहा. लॅपटॉप २०१७चा, आठ जीबी रॅमचा. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तिची २१.३ ही आवृत्ती होती. २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत वर्ग बंद असताना २२ घेतलं, मग जानेवारीत २२.१.

नव्या आवृत्तीत काय काय आहे याच्या याद्या सगळीकडे मिळतील. माझ्यासाठी त्यातली एकच गोष्ट मोलाची ठरली, ती म्हणजे आवाज.

मिंट २२मध्ये आवाजाचं सगळं काम पल्सऑडिओ या जुन्या सॉफ्टवेअरकडून काढून पाइपवायर या नव्याकडे दिलं आहे. ब्लूटूथ हेडसेटच्या दोन अवस्था असतात. एकीत आवाज छान भरदार येतो, पण माइक बंद असतो. दुसरीत माइक चालू होतो आणि आवाज पातळ होतो. पूर्वी माझ्या लॅपटॉपवर ही अदलाबदल दर वर्गाआधी साउंड सेटिंग्जमध्ये जाऊन हाताने करावी लागायची. एखाद्या पहाटे विसरलं की पडद्यावर सहा-सात मुलं कानाला हात लावून बसलेली, "ताई, ऐकू येत नाहीये!" आता वर्ग सुरू झाला, माइक लागला, की हेडसेट आपोआप बदलतो आणि वर्ग संपला की पुन्हा मूळ जागी येतो. वर्षभरात एकदाही त्या सेटिंग्जमध्ये जावं लागलं नाही.

आवाज पातळ होतो ही अडचण मात्र राहते, आणि मला ती फार जाचते. मूल 'बाळ' म्हणालं की 'बाल', 'जहाज'मधला शेवटचा ज नीट आला की नाही, हे मला कानाने पकडायचं असतं. त्यावर एक उपाय सापडला. इनपुटला हेडसेटऐवजी लॅपटॉपचाच माइक निवडायचा. मग हेडसेट भरदार आवाजातच राहतो. पहिल्यांदा असं केलं त्या दिवशी एका सात वर्षांच्या मुलीचा 'कमळ'मधला ळ इतका स्वच्छ ऐकू आला, की मी तिला तो तीनदा म्हणायला लावला. घरात पंखा चालू असेल तर हा उपाय चालत नाही.

२२.१मध्ये नाइट लाइट (रात्री पडद्याचा प्रकाश पिवळसर करणारी सुविधा) आलं. यासाठी आधी रेडशिफ्ट नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागायचं. आता सेटिंग्जमध्येच सोय आहे. पहाटे अंधारात पडदा डोळ्यांवर येत नाही.

ॲप शोधून बसवायचा सॉफ्टवेअर मॅनेजर पटकन उघडतो. कुणी बनवले याची पडताळणी न झालेले फ्लॅटपॅक (लिनक्सवर ॲप वाटण्याचा एक प्रकार) तो आता आपणहून दाखवत नाही. त्यामुळे एक ॲप मला आधी सापडलंच नाही, पण हा निर्णय मला पटतो. घरातलं दुसरं कुणी काहीही टाकून मोकळं होत नाही. मराठी टाइप करायच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डची मांडणी जशीच्या तशी राहिली, 'दऱ्या'मधला ऱ्य एकदाही बिघडला नाही. सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या २२.२मध्ये बोटाच्या ठशाने लॉग-इन करण्यासाठी फिंगविट हे ॲप आहे, पण माझ्या लॅपटॉपला तसा सेन्सर नाही.

त्रास झाला तो वाय-फायचा. माझ्याकडच्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर) कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, नाही, वेगळा बसवावा लागतो, आणि दर नव्या कर्नलसाठी तो नव्याने तयार व्हावा लागतो. मार्चमध्ये कर्नलचं अपडेट घेतलं, ड्रायव्हर तयार झाला नाही आणि सकाळी वाय-फाय गायब. वर्गाला वीस मिनिटं होती. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडला आणि वर्ग वेळेवर झाला. तेव्हापासून कर्नलचं अपडेट मी फक्त रविवारी दुपारी घेते आणि जुना एक कर्नल काढत नाही.

२१.३वरून येणाऱ्यांनी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून सिस्टिमची घेतलेली प्रत) घेण्याआधी डिस्कवर पुरेशी जागा मोकळी करावी. अपग्रेडचं साधन तो घ्यायला लावतंच. माझं सगळं काम अडीच तासांत झालं, त्यातला मोठा वेळ डाउनलोडचा होता. मिंट २२ला २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. माझ्या सर्वांत लहान वर्गातली मुलं तोवर पाचवीत गेलेली असतील, आणि हा लॅपटॉप टिकला तर त्यांना मी यावरच शिकवेन.