हाडापर्यंत गेलेली जखम ओळखणारा विभाग : मधुमेही पायाच्या बाह्यरुग्ण सेवेचे परीक्षण

पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयात मधुमेही रुग्णांच्या पायांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. माझ्या आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली झालेल्या जखमेसाठी आम्ही तेथे गेलो, जखमेचा संसर्ग हाडात पोहोचल्याचे निदान तेथेच झाले आणि उपचार संपून आता सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला आहे. हाडाचा संसर्ग गेला की नुसता दबला, हे ठरवायला प्रतिजैविके थांबल्यानंतर निदान सहा महिने वाट पाहावी लागते, म्हणून हे परीक्षण आता लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव दिलेले नाही. असे विभाग आता अनेक मोठ्या शहरांत आहेत आणि आपल्या जवळच्या विभागाची पारख कोणत्या गोष्टींवरून करावी, हे वाचकांच्या अधिक कामाचे आहे असे मला वाटते.

त्याआधी घराजवळच्या एका दवाखान्यात अनेक आठवडे एक दिवसाआड ड्रेसिंग होत होते. जखम चिंचोक्याएवढी होती, दुखत नव्हती, ताप नव्हता, आई घरात हिंडत-फिरत होती. त्यामुळे ‘शुगर आहे, वेळ लागणारच’ या उत्तरावर सगळे निभत होते. जुन्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात आणि मग ज्या वेदनेने माणूस एरवी धावत डॉक्टरांकडे गेला असता, ती वेदनाच उरत नाही. ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाड आणि त्याच्या आतील मज्जा यांचा जंतुसंसर्ग, अशा पायात कोणताही गाजावाजा न करता महिनोन्महिने मुरू शकतो. त्या दवाखान्यात एवढ्या आठवड्यांत एकदाही आईच्या पायाची संवेदना तपासली गेली नाही की जखमेची खोली पाहिली गेली नाही. याचा राग मला आजही आहे, आणि या विभागाचे मोल मला त्यामुळेच अधिक जाणवते.

येथील पहिली तपासणी सावकाश झाली. परिचारिकेने दोन्ही पायांतले मोजे काढायला लावले, बोटांच्या बेचक्या पुसून पाहिल्या, मग म्हणाली, “आजी, डोळे मिटा, आणि पायाला काही टेकलं की ‘हो’ म्हणा.” तिच्या हातात नायलॉनचा एक जाडसर तंतू होता, जो १० ग्रॅम दाबाला वाकतो. तो चवड्याखाली, अंगठ्याच्या टोकाला, करंगळीखाली टेकत गेला आणि आई डोळे मिटून शांतपणे पुढच्या स्पर्शाची वाट पाहत राहिली. तिच्या लेखी अजून काही टेकलेच नव्हते. त्यानंतर घोट्याजवळची आणि पायाच्या वरची नाडी हाताने व डॉप्लरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या उपकरणाने, तपासण्यात आली, कारण रक्तपुरवठा अपुरा असेल तर पुढचा सगळा उपचार बदलतो. आईच्या वापरातली चप्पलही त्यांनी मागून घेतली, आतून बोट फिरवून पाहिली आणि अंगठ्याखालच्या भागात तळ झिजून कडक झाल्याचे आम्हाला दाखवले.

मग डॉक्टरांनी जखमेभोवतीचे जाड झालेले कातडे खरवडून काढले. वरून लहान दिसणारी जखम आत बरीच पसरली होती. निर्जंतुक केलेली, बोथट टोकाची धातूची बारीक सळई त्यांनी जखमेच्या तळाशी हलकेच नेली आणि ती मऊ भागात न रुतता एका कठीण, खरखरीत जागेवर थांबली. त्यांनी सळई किंचित हलवली तेव्हा ते टेकणे आम्हालाही ऐकू आले. जखम चिघळलेली असताना सळई अशी हाडाला लागली, तर हाडाच्या संसर्गाची शक्यता बरीच वाढते. या चाचणीला यंत्र लागत नाही, विजेची गरज नाही, वेळ दोन मिनिटांचा. मधुमेही पायाच्या जखमा पाहणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ती व्हायला हवी, आणि ती होते की नाही हे विचारायला नातेवाइकांनी संकोच करू नये. मात्र घरी कोणीही जखमेत काहीही घालून पाहू नये. त्याने संसर्ग आत ढकलला जातो.

या विभागात लक्षणे कशी वाचतात, हा माझ्या दृष्टीने सर्वांत समाधानाचा भाग होता. डॉक्टरांनी आईचे अंगठे शेजारी शेजारी ठेवून दाखवले: उजवा अंगठा मुळापासून टोकापर्यंत एकसारखा सुजला होता, त्यावरच्या सुरकुत्या नाहीशा झाल्या होत्या आणि रंग तांबूस-जांभळट होता. फक्त जखमेच्या कडेला सूज असणे वेगळे आणि सबंध बोट असे टम्म होणे वेगळे. नीट मलमपट्टी, शुगरवर ताबा आणि पुरेसा रक्तपुरवठा असूनही काही आठवड्यांत जखम आकसत नसेल, वरून मिटून पुन्हा त्याच जागी फुटत असेल, तिच्यातून लस किंवा पू येत राहत असेल, तळाशी हाड दिसत असेल किंवा ड्रेसिंगमध्ये हाडाची कपची सापडत असेल, तर संसर्ग हाडात असल्याचे गृहीत धरून तपास करावा लागतो, असे त्यांनी सांगितले. आहार आणि औषधे तीच असताना शुगर अचानक चढी राहू लागणे, हीही शरीरात कोठेतरी संसर्ग असल्याची खूण असते, आणि आईच्या बाबतीत मागे वळून पाहिल्यावर ती स्पष्ट होती.

पाय सुजलेला, गरम आणि लाल असला म्हणजे संसर्गच असेल असेही नाही. मधुमेहात बधिर झालेल्या पायाची हाडे व सांधे खचण्याचा शार्कोचा विकार अगदी असाच दिसतो. त्यात पुष्कळदा जखम नसते, आणि पाय काही मिनिटे उंच धरला की लाली सहसा ओसरते, तर संसर्गात ती टिकून राहण्याकडे कल असतो. निव्वळ एवढ्यावर निर्णय घेता येत नाही, तरी दोन्ही शक्यता पहिल्याच भेटीत रुग्णासमोर ठेवणारे डॉक्टर मला क्वचितच भेटले आहेत.

तपासण्यांच्या बाबतीत घाईही नव्हती आणि अनावश्यक यादीही नव्हती. पहिल्या दिवशी ईएसआर व सीआरपी या शरीरातील दाह दाखवणाऱ्या दोन रक्तचाचण्या आणि पायाचा साधा एक्स-रे एवढेच झाले. आईचा ईएसआर ७० च्या वर होता, आणि पायाला जखम असलेल्या मधुमेही रुग्णात इतका वाढलेला आकडा हाडाच्या संसर्गाचा संशय बळकट करतो. एक्स-रे मात्र जवळजवळ स्वच्छ होता. येथे अनेक कुटुंबे निर्धास्त होतात, म्हणून डॉक्टरांनी दिलेले स्पष्टीकरण नोंदवून ठेवतो: हाडातील खनिजांचा बराच भाग, साधारणपणे ३० ते ५० टक्के, झिजल्याशिवाय एक्स-रेवर बदल उमटत नाही आणि त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. पहिला एक्स-रे चांगला आला म्हणून संशय सोडायचा नसतो, तो काही आठवड्यांनी पुन्हा काढायचा असतो किंवा एमआरआय करायचा असतो. एमआरआयमध्ये मज्जेतील सूज लवकर दिसते. आईच्या एमआरआयमध्ये अंगठ्याचे हाड बाधित असल्याचे निश्चित झाले.

यानंतर जंतू कोणता, हे शोधण्याची पद्धत आली. आधीच्या दवाखान्यात जखमेवरून कापूस फिरवून नमुना घेतला होता आणि त्याच्या अहवालावरून दोनदा गोळ्या बदलल्या होत्या. जखमेच्या पृष्ठभागावर अनेक जंतू वस्तीला असतात, हाडातला जंतू त्यांपैकीच असेल याची खात्री नसते. विभागात आईची प्रकृती स्थिर असल्याचे पाहून चालू प्रतिजैविक काही दिवस थांबवले गेले आणि मग हाडाचाच लहानसा तुकडा कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्यासाठी) व पॅथॉलॉजीसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी) घेण्यात आला. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला, जो हाडाच्या संसर्गात सर्वांत जास्त आढळणारा जंतू आहे. औषध थांबवायचे म्हटल्यावर आम्ही घाबरलो होतो, तेव्हा ते का थांबवायचे, किती दिवस थांबवायचे आणि त्या काळात कोणते बदल दिसले तर लगेच यायचे, हे डॉक्टरांनी केसपेपरवर मराठीत लिहून दिले. अशा वेळी हाती असलेला कागद फार मोठा आधार असतो.

उपचारात बोट काढावे लागले नाही. मृत भाग खरवडून काढणे, सुमारे सहा आठवडे प्रतिजैविके आणि जखमेवरचा भार पूर्ण उतरवणे, असा तो क्रम होता. सहा आठवडे सलाइनमधूनच औषध द्यावे लागेल अशी आमची समजूत होती, पण निवडक रुग्णांत तोंडाने घ्यायची औषधेही तितकीच उपयोगी पडू शकतात, हे ब्रिटनमधील एक हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीतून २०१९ मध्ये पुढे आले आहे. आईला सुरुवातीचे काही दिवस इंजेक्शने आणि नंतर गोळ्या दिल्या गेल्या. भार उतरवण्यासाठी गुडघ्याखाली प्लास्टर घातले गेले. ते आईला फार जाचले, तरी जखम भरली ती त्यामुळेच असे माझे मत आहे. बधिर पायाला सांभाळण्याची ही दृष्टी भारतात कुष्ठरोग्यांच्या उपचारांतून आली, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच दाखवले की हे पाय वेदना हरवल्यामुळे झिजतात. आज आई वापरते त्या एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपलेचा मऊ तळही त्याच कामाचा वारसा आहे.

विभागात मिळणाऱ्या माहितीपत्रकाविषयी मात्र माझी गंभीर तक्रार आहे. ते मराठीत आहे, अक्षर मोठे आहे, चित्रे चांगली आहेत. पण हाडाच्या संसर्गाच्या लक्षणांत ‘ताप’ आणि ‘तीव्र वेदना’ यांना पहिले स्थान दिले आहे. ज्या रुग्णांसाठी हे पत्रक छापले आहे, त्यांच्यातील पुष्कळांना दोन्ही नसतात, रक्तातील पांढऱ्या पेशीही अनेकदा वाढलेल्या नसतात. पत्रक वाचून ‘आपल्याला ताप नाही’ म्हणून घरी बसणारा माणूस मला डोळ्यांसमोर दिसतो. न भरणारी जखम आणि सबंध सुजलेले बोट ही लक्षणे सर्वांत वर हवीत, आणि लाली वेगाने वर चढणे, कातडी काळी पडणे, फोड येणे, थंडी वाजून ताप, गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, ही ओळ ठळक छापायला हवी. हे मी लेखी कळवले आहे.

ताप आणि वेदना यांचे स्थान लहान मुलांच्या बाबतीत खरे आहे. मुलांमध्ये जंतू बहुधा रक्तातून येऊन गुडघ्याजवळ किंवा लांब हाडांच्या वाढत्या टोकांजवळ रुजतात, आणि ताप असलेले मूल अचानक पाय टेकेनासे झाले, हात हलवेनासे झाले किंवा हाडावरच्या एकाच जागी बोट लावू देईनासे झाले, तर ‘पडला असेल’ म्हणून थांबणे धोक्याचे असते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत, जेथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत, तेथे हाडाचे दुखणे हे सिकलसेलचे नेहमीचे दुखणे समजून संसर्ग निसटू शकतो. प्रौढांमध्ये मणक्याचा संसर्ग विश्रांतीनेही न थांबणाऱ्या, रात्री वाढणाऱ्या पाठदुखीने सुरू होतो, आणि आपल्याकडे त्यामागे क्षयरोग असण्याची शक्यता नेहमी ध्यानात घ्यावी लागते. पायाच्या विभागाने हे सगळे छापावे असा आग्रह नाही, पण त्याच रुग्णालयात बालरोग व अस्थिरोग विभाग असताना एक सामाईक पत्रक सहज निघू शकेल.

उणिवा आणखीही आहेत. नोंदणीची रांग लांब असते आणि पायाला जखम असलेल्या रुग्णांना तिष्ठत उभे राहावे लागते. चाकाच्या खुर्च्या आहेत, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत. एमआरआयसाठी बाहेर जावे लागते. विभाग बंद असलेल्या दिवशी विचारणा करण्यासाठी दूरध्वनीची सोय नाही, आणि सहा आठवड्यांच्या औषधकाळात अतिसार किंवा पुरळ यांसारखे त्रास नेमके अशाच दिवशी उद्भवतात. मापाची चप्पल तयार होऊन यायला फार उशीर लागला, तेवढे दिवस आईला प्लास्टरनंतरच्या तात्पुरत्या बुटावर काढावे लागले. खर्च मात्र प्रत्येक टप्प्यावर आधी सांगितला गेला आणि त्याहून अधिक आकारणी झाली नाही.

या किंवा अशा विभागात पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधीचे सगळे एक्स-रे तारखेसह न्यावेत, कारण नव्या एक्स-रेची तुलना त्यांच्याशीच होते. आतापर्यंत घेतलेल्या प्रतिजैविकांची नावे व दिवस लिहून न्यावेत, गोळ्यांची रिकामी पाकिटे असतील तर तीही. शेवटची गोळी कधी घेतली यावर हाडाचा नमुना केव्हा घ्यायचा हे ठरते. घरात आणि बाहेर वापरायच्या दोन्ही चपला सोबत असाव्यात. आणि जखमेचे फोटो दर आठवड्याला त्याच प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले असतील, तर ‘भरत आली आहे’ या आपल्या समजुतीची शहानिशा डॉक्टरांना तेथेच करता येते.