राऊकडील जलद चार्जिंग केंद्र : नव्या गनची सोय आणि जुन्या गाड्यांची अडचण

महूकडून येताना राऊ ओलांडून इंदूरच्या हद्दीत शिरल्यावर, आग्रा-मुंबई मार्गाच्या कडेला असलेल्या एका चार्जिंग केंद्राचा मी गेली दोन वर्षे नियमित उपयोग करतो आहे. गेल्या काही महिन्यांत तेथील यंत्रे पूर्णपणे बदलली. मी या बदलाचा लाभ घेतला आहे आणि माझ्या आतेभावाने त्याची झळ सोसली आहे, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

आधी चांगल्या बाजूविषयी. पूर्वी येथे दोन चार्जर होते. एकावर भारत डीसी-001 या जुन्या भारतीय पद्धतीची 15 किलोवॅटची गन, म्हणजे गाडीत खुपसायचा केबलच्या टोकाचा जोड होता, दुसऱ्यावर सीसीएस-2 या आजच्या मोटारींत असणाऱ्या जलद चार्जिंगच्या पद्धतीची एक गन होती आणि ती अनेकदा बंद असे. आता 60 किलोवॅटचे दोन चार्जर असून प्रत्येकाला सीसीएस-2 च्या दोन गन आहेत. माझी 30.2 किलोवॅट-तास बॅटरीची विजेवरची मोटार नेक्सॉन 22 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर यायला 50 मिनिटे लागली आणि 18.6 युनिट वीज गेली. 20 रुपये दराने, 18 टक्के जीएसटी धरून, 439 रुपये झाले. चार्जरवर 60 हा आकडा लिहिलेला असला तरी किती वीज घ्यायची हे गाडी ठरवते, आणि माझी गाडी सरासरी 22 किलोवॅटच्या आसपास घेते. त्यामुळे शेजारच्या गनला दुसरी गाडी लागून प्रत्येकीच्या वाट्याला 30 किलोवॅट आले तरी मला फरक पडला नाही. मोठ्या बॅटरीच्या नव्या गाड्यांना मात्र तो निश्चित जाणवेल, तेव्हा त्यांच्या मालकांनी दुसरी गन रिकामी असलेला चार्जर निवडावा.

गन जड आहे. ती सॉकेटमध्ये बसवून लगेच हात सोडला, तर तिच्या वजनाने जोड किंचित खाली झुकतो, गाडी आणि चार्जर यांचा संवाद जुळत नाही आणि पडद्यावर त्रुटी दिसू लागते. गाडी आपल्या बाजूने गन कुलूपबंद करते, तो ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत दोन्ही हातांनी आधार द्यावा. तेथील कर्मचाऱ्याने ही युक्ती शिकवल्यापासून माझा एकही प्रयत्न वाया गेलेला नाही. वयस्कर माणसांना हे वजन पेलणे कठीण जाते, म्हणून केबल वरून तोलून धरणारा दांडा बसवणे आवश्यक आहे.

आता अडचणीविषयी. लोकमान्यनगरात राहणाऱ्या माझ्या आतेभावाकडे, म्हणजे बापूदादांकडे, 2019 च्या अखेरीस घेतलेली विजेवरची सेडान आहे. तिची बॅटरी 72 व्होल्टच्या प्रणालीची आणि 21.5 किलोवॅट-तासांची आहे. महूहून परतताना बॅटरी 11 टक्क्यांवर आली, ॲपवर 15 किलोवॅटची गन उपलब्ध दिसत होती, म्हणून ते निश्चिंतपणे येथे वळले. ती गन महिनाभरापूर्वीच काढून नेलेली होती.

असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 2017 मध्ये आपल्याकडे भारत एसी-001 आणि भारत डीसी-001 हे चार्जरचे नमुने ठरले. डीसी-001 मध्ये चीनच्या जीबी-टी पद्धतीचा जोड घेतला होता, कारण त्या वेळच्या ई-व्हेरिटो आणि पहिल्या टिगोर ईव्हीसारख्या गाड्या कमी व्होल्टच्या होत्या. डिसेंबर 2018 मधील ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सार्वजनिक केंद्रात सीसीएस, जपानची चाडेमो, टाइप-2 एसी आणि हे दोन्ही भारतीय नमुने, असे पाचही प्रकार ठेवणे अपेक्षित होते. त्या पाचांपैकी चाडेमोची गन लागणारी मोटार आपल्या रस्त्यांवर जवळजवळ आलीच नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये सुधारित तत्त्वे आली आणि कोणते चार्जर ठेवायचे याची निवड केंद्रचालकांकडे गेली. त्याच वर्षी कोना आणि जानेवारी 2020 मध्ये नेक्सॉन व झेडएस या गाड्या सीसीएस-2 घेऊन बाजारात आल्या आणि प्रवासी मोटारींपुरता प्रश्न निकालात निघाला. युरोपने 2014 मध्येच हा जोड स्वीकारलेला होता. आज नवे केंद्र उभारणाऱ्याने सीसीएस-2 निवडणे योग्यच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

‘एखादा ॲडॉप्टर का वापरत नाही,’ असे बापूदादांना तेथे दोघांनी विचारले. तो वापरून काही साधत नाही, हे स्पष्ट सांगणे मला गरजेचे वाटते. प्लगचा आकार जुळवता येईलही. पण सीसीएस-2 चे चार्जर साधारणपणे 150 किंवा 200 व्होल्टच्या खाली उतरत नाहीत आणि त्या गाडीला हवे असतात जेमतेम 72 व्होल्ट. शिवाय जुनी पद्धत गाडीशी ‘कॅन’ नावाच्या संदेशवाहिनीवरून बोलते, तर सीसीएस-2 मध्ये हा संवाद जोडातील ‘पायलट’ नावाच्या संदेशतारेवरून, पॉवर-लाइन पद्धतीच्या संदेशांनी होतो. दोन्ही बाजूंना एकमेकींची भाषाच कळत नाही. समाजमाध्यमांवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त जोडण्यांच्या नादी कोणीही लागू नये. एवढ्या प्रवाहाशी खेळणे जिवावर बेतू शकते.

बापूदादांना त्या दिवशी तारले ते कोपऱ्यातील 16 अँपिअरच्या साध्या सॉकेटने. कर्मचाऱ्याने पंख्याचा प्लग काढून ते मोकळे करून दिले, आणि 40 मिनिटांत गाडी 20 टक्क्यांवर आली. घरी पोहोचायला तेवढे पुरे होते. या सॉकेटमधून तासाला जेमतेम 3.3 युनिट मिळतात, तरी 2019 ची सेडान, माझी नेक्सॉन आणि शेजारच्या दुकानदाराची स्कूटर, सगळ्यांना ते चालते. ते केंद्राच्या यादीत नाही, त्याला मीटर नाही आणि त्यावर छप्परही नाही. माझ्या मते केंद्रचालकांनी सर्वांत आधी तेथे मीटर आणि पत्र्याचे छत बसवावे. जलद गन आणखी काही वर्षांनी पुन्हा बदलतील. दुचाकींसाठीही 2023 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस 17017 मालिकेत वेगळा एकत्रित जोड मंजूर केला आहे आणि तो येथे अजून नाही. अशा प्रत्येक बदलात ज्यांची गाडी मागे राहील, त्यांना घरी नेणारी एखादी जागा केंद्रात असायलाच हवी.

बाकी गोष्टी थोडक्यात: स्वच्छतागृह नीटनेटके आहे, पिण्याचे पाणी मिळते आणि रात्री पुरेसा उजेड असतो. गन उन्हात असल्याने एप्रिल-मे महिन्यांत दुपारी मूठ चांगलीच तापते. सकाळी दहाच्या आत यावे. कर्मचारी मनापासून मदत करतात, आणि त्या दिवशी त्यांनी सॉकेटचे पैसेही घेतले नाहीत.

नवी मोटार असलेल्यांना मी हे केंद्र निःसंकोच सुचवेन. जुनी, कमी व्होल्टची गाडी असेल, तर निघण्यापूर्वी फोन करून कोणती गन चालू आहे ते विचारावे आणि आपली 16 अँपिअरची केबल डिकीत ठेवावी. ॲपमधून जुनी गन काढून टाकावी, असे मी केंद्रचालकांना तीन आठवड्यांपूर्वी लेखी कळवले आहे. हा मजकूर लिहीपर्यंत ती तेथे हिरव्या रंगात ‘उपलब्ध’ दिसते आहे.