गंधमुक्तीचे प्रवचन : एका कीर्तनसेवेविषयी

केळीच्या बागेत मोटारीच्या स्टार्टरचा धक्का लागून माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. रावेर तालुक्यातील आमच्या गावी गंधमुक्तीला, म्हणजे सुतक संपण्याच्या विधीला, प्रवचन ठेवण्याची रीत असल्याने आम्ही शेजारच्या गावातील एका महाराजांना बोलावले. आपले नाव कुठे छापू नये, अशी त्यांची इच्छा असल्याने ते येथे देत नाही.

वडिलांनी कोथळीहून मुक्ताईच्या पालखीबरोबर अकरा वेळा पंढरपूरची पायी वारी केली आहे. भाऊ गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढून खुंटीला अडकवली. दारावर येणारे लोक पूर्वजन्मीच्या भोगाविषयी बोलत आणि वडील पाण्याचा तांब्या पुढे सरकवत.

महाराजांनी निरूपणाला तुकोबांचा दुष्काळाचा अभंग घेतला. १६३० च्या त्या दुष्काळात तुकोबांची एक बायको अन्न अन्न करत गेली, आणि त्याच वेळी आमच्यापासून तासाभराच्या वाटेवरील बुऱ्हाणपुरात शाहजहानला भुकेल्यांसाठी लंगर उघडावे लागले होते, हे त्यांनी सांगितले तेव्हा मांडवातली कुजबुज थांबली. देव आपल्या लेखी मेला, असे म्हणणारा तुकोबांचा अभंगही गाथेतच आहे आणि वारकऱ्यांनी तो कधी वगळला नाही, हे त्यांनी आवाज न चढवता मांडले. जनाबाईने विठोबाला घातलेल्या शिव्यांचा विषय निघाला, तेव्हा मागे बसलेल्या बायका बारा दिवसांत प्रथमच हसल्या. तेवढ्यात वडील उभे राहिले आणि म्हणाले, “महाराज, मी एकादशी कधी मोडली नाही. मग माझंच पोरगं का?” महाराज म्हणाले, “मला माहीत नाही, बाबा.” त्यानंतर बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मृदंगावरचा मुलगाही हात मांडीवर ठेवून बसला होता. माळ पुन्हा घाला, असे त्यांनी सुचवलेसुद्धा नाही. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांच्या दाराबाहेर मुक्ताई उभी राहिली, एवढेच सांगून ते पुढे गेले.

उणिवाही आहेत. ते पाऊण तास उशिरा आले आणि साउंडवाल्याने लावलेला आवाज लहान अंगणाला फारच मोठा होता. शेवटची वीस मिनिटे व्यसनमुक्तीवर गेली. माझ्या भावाने आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. पुढाऱ्यांच्या श्रद्धांजलीत गेलेला अर्धा तास मात्र त्यांच्या माथी मारता येणार नाही. मानधन त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले होते आणि निघताना त्यावर एक रुपयाही मागितला नाही.

माळ अजून खुंटीवरच आहे. वर्षश्राद्धाला याच महाराजांना बोलवा, असे मात्र वडिलांनी स्वतःहून सांगितले आहे, आणि व्यसनमुक्तीचा भाग तेवढा गाळायला सांगा, असेही.