‘परवाना आम्हीच काढून देतो’: साउथ डकोटातल्या फेझंटच्या शिकारीच्या नावाखाली झालेली फसवणूक

साउथ डकोटात फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीला जायचं ठरवत असाल आणि शिकाऱ्यांना उतरवून रानात नेणारा लॉजवाला म्हणाला की तुमचा परवानाही आम्हीच काढून देतो, तर त्याला एक डॉलरही पाठवू नका आणि कुठलंही ओळखपत्र देऊ नका. आमचे पैसे गेले. पण पैशांहून मोठा धोका वेगळा होता. माझा मावसभाऊ इथे एच-1बी व्हिसावर आहे, आणि त्या माणसाने पाठवलेल्या बनावट परवान्याच्या भरवशावर तो बंदूक हातात घेणार होता. अमेरिकेत हे दंड भरून सुटण्यासारखं प्रकरण नाही.

आम्ही मिनेसोटात, मिनिआपोलिसजवळ राहतो. फेझंट मिनेसोटातही आहेत, पण साउथ डकोटाची सर कुठेच नाही. हा पक्षी मूळचा आशियातला. 1909 च्या सुमारास स्पिंक काउंटीत सोडलेले पक्षी तिथे रुजले, 1919 मध्ये त्याच काउंटीत एका दिवसाचा पहिला हंगाम झाला, आणि आज तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. मक्याची आणि ज्वारीची शेतं, मधूनमधून पाणकणसाने भरलेली तळी, आणि सीआरपीचं उंच गवत. सीआरपी ही 1985 च्या शेती कायद्यातली योजना. नाजूक जमीन पिकाखालून काढून तिच्यावर गवत राखलं की सरकार शेतकऱ्याला वर्षाला ठरावीक रक्कम देतं. त्या गवतात फेझंटची पिल्लं वाढतात.

पण या रानातलं बहुतेक खासगी मालकीचं आहे. बाहेरच्या माणसाची तिथे ना ओळख, ना भावकी. हंगाम उघडतो ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी, आणि त्या आठवड्याची चांगली लॉजेस फार आधीपासून ठरलेली असतात. त्यात आपल्यासारख्यांची आणखी एक अडचण. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांनी आयुष्यातला पहिला परवाना इथे काढलेला असतो. कुणाकडे जावं, कोण खरा, हे विचारायला घरात कुणी जाणतं नसतं. अनोळखी माणसावर विसंबावं लागतं, आणि ठग नेमके तिथेच उभे असतात.

आम्हाला हा माणूस समाजमाध्यमावरच्या शिकारीच्या एका गटात भेटला. ‘पहिल्या आठवड्याचा एक गट रद्द झाला आहे, चार जागा रिकाम्या आहेत’ अशी त्याची जाहिरात होती. मी फोन केला. तो जवळजवळ तासभर बोलला, आणि त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. सकाळी दहाच्या आधी गोळी झाडायची नाही, सूर्यास्तानंतरही नाही. माणशी दिवसाला तीन नर, मादीला हात लावायचा नाही. पक्षी साफ केला तरी नर ओळखू यावा म्हणून डोकं, पाय किंवा पिसांसकट एक पंख तसाच ठेवायचा. हाका कसा लावतात तेही त्याने नीट सांगितलं. निम्मे लोक कुत्र्यांसह हाकारे म्हणून मक्यातून चालतात आणि बाकीचे शेताच्या टोकाला वाट अडवून उभे राहतात, कारण फेझंट उडण्याआधी धावत सुटतो. मग आमच्या लॅब्रेडॉरची चौकशी. वय काय, पाणकणसात शिरते का, जखमी पक्षी शोधून आणते का. इतकं आपुलकीने विचारणारा माणूस खोटा असेल अशी शंका यायला जागाच नव्हती.

मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते हेच. शिकारीचं ज्ञान हा खरेपणाचा पुरावा नाही. वर सांगितलेले नियम राज्याच्या पुस्तिकेत छापलेले असतात, आणि ज्याला वर्षानुवर्षं हाच धंदा करायचा आहे तो ते पाठ करतो. त्याला विचारण्यासारखा प्रश्न एकच असतो. जमीन कुणाची, आणि तिथे लोकांना नेण्याचा तुझा हक्क काय?

तीन दिवसांचे माणशी 950 डॉलर ठरले. राहणं, जेवण आणि वाटाड्या यांसह हे स्वस्त होतं, पण रद्द झालेल्या जागा म्हणून पटण्यासारखंही होतं. निम्मी रक्कम आगाऊ, म्हणजे चौघांचे 1,900 डॉलर. कार्ड घेत नाही, कार्ड कंपनी फार कापून घेते, म्हणून बँकेच्या ॲपमधून थेट मोबाइल नंबरवर पाठवा, असं तो म्हणाला. छोटे व्यावसायिक खरोखरच असं म्हणतात. त्याने बिलही पाठवलं. त्यावर लॉजचं चिन्ह होतं, गावाचा पत्ता होता, तारखा होत्या. साउथ डकोटात अशा सेवेवर विक्रीकर लागतो आणि खऱ्या लॉजच्या बिलात तो वेगळा दाखवलेला असतो. या बिलात कराची ओळच नव्हती.

मग परवान्यांचा विषय निघाला. पॅकेजमध्ये परवाने आहेत, फक्त शुल्क पाठवा आणि सोबत प्रत्येकाची जन्मतारीख, ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो आणि सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक. हे वाचून कुणीही दचकेल. पण अडचण अशी की शिकारीच्या परवान्यासाठी राज्य खरोखरच सोशल सिक्युरिटी नंबर मागतं. मुलांच्या पोटगीची वसुली सोपी व्हावी म्हणून केंद्राच्या कायद्याने राज्यांवर तसं बंधन घातलेलं आहे. मिनेसोटात परवाना काढताना आम्ही तो दिला होताच. म्हणजे मागणी खरी, फक्त मागणारा खोटा. हा डाव ज्याने रचला त्याला परवान्याची प्रक्रिया आतून माहीत होती. नंबर चोरण्यासाठी याहून चांगलं निमित्त सापडणार नाही.

आठवड्याभरात चार परवान्यांच्या पीडीएफ आल्या. राज्याचं चिन्ह, क्रमांक, आमची नावं, सगळं होतं. त्याच रात्री मावसभावाचा फोन आला.

“ताई, परवाना उघडून बघ. ऑक्टोबरपासून 31 जानेवारीपर्यंत वैध लिहिलंय.”

“मग? हंगाम तेवढाच असतो ना?”

“हंगाम असतो गं. पण बाहेरच्या राज्यातल्या माणसाचा परवाना पूर्ण हंगामाचा नसतोच. पाच-पाच दिवसांचे दोन टप्पे मिळतात, आणि ते आधी निवडावे लागतात.”

त्याने राज्याची पुस्तिका ओळ न् ओळ वाचली होती, कारण त्याच्यासाठी तो कागद आमच्या कागदापेक्षा जास्त मोलाचा होता. सकाळी त्याने साउथ डकोटाच्या गेम, फिश अँड पार्क्स विभागाला फोन केला. चारही क्रमांक त्यांच्या नोंदीत नव्हते.

व्हिसावर असलेल्यांनी हा भाग नीट वाचावा. केंद्राच्या कायद्यानुसार एच-1बी, एफ-1 यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. मित्राची उसनी बंदूकही नाही. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत त्यांत आपल्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, चालू असलेला शिकारीचा परवाना. मावसभावाचा मिनेसोटाचा परवाना फेब्रुवारीअखेर संपला होता आणि साउथ डकोटाचा मिळतोय म्हणून त्याने नवा काढला नव्हता. म्हणजे त्या शनिवारी मक्याच्या शेतात तो कायद्याच्या दृष्टीने बेकायदा शस्त्रधारी ठरला असता. 2022 पासून या गुन्ह्याची शिक्षा 15 वर्षांच्या तुरुंगवासापर्यंत जाऊ शकते, आणि देशाबाहेर काढण्याची कारवाई वेगळी. आपला परवाना बनावट आहे हे मला माहीतच नव्हतं, हे वकील लावून सिद्ध करत बसायची वेळ कुणावर येऊ नये. जीव तीळतीळ तुटला माझा त्या दिवशी.

पुढची शहानिशा फार सोपी निघाली, आणि म्हणूनच ती पैसे देण्याआधी करा असं कळकळीने सांगते. बिलावरचा पत्ता काउंटीच्या जमीन नोंदीत टाकला की मालकाचं नाव येतं. ही माहिती सार्वजनिक असते, आणि शिकारीच्या नकाशांची ॲप्सही ती दाखवतात. मालक निघाले एक वयस्क शेतकरी. फोनवर ते शांतपणे म्हणाले, तुमच्याआधीही काही लोकांचे फोन येऊन गेले. त्यांच्या रानात फक्त घरचे लोक शिकार करतात, लॉज वगैरे काही नाही. आदल्या हंगामात दूरच्या राज्यातून कुत्री घेऊन आलेलं एक कुटुंब त्यांच्या फाटकाशी उभं राहिलं होतं, त्या लहान मुलांकडे बघवत नव्हतं, असंही ते म्हणाले. व्यवसायांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या यादीत त्या नावाचा व्यवसाय सापडला नाही. छायाचित्रं इंटरनेटवर उलटी शोधली, तर ती कॅन्ससमधल्या एका खऱ्या लॉजची. एका फोटोत ट्रकच्या फळीवर फेझंटच्या शेजारी बॉबव्हाइट लावे मांडलेले आहेत. साउथ डकोटात हा लावा मुख्यतः दक्षिणेकडच्या मोजक्या काउंट्यांत आढळतो, आणि आमचा कथित लॉज होता बराच उत्तरेला.

पैसे परत मिळाले नाहीत. तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेली रक्कम ही अनधिकृत व्यवहारात मोडत नाही, असं बँकेने सांगितलं. क्रेडिट कार्डाने दिले असते तर स्टेटमेंट आल्यापासून 60 दिवसांत हरकत घेण्याचा हक्क कायद्यानेच मिळतो. त्याला कार्ड का नको होतं ते उघड आहे. ओळखपत्रांचं मात्र आम्ही लगेच पाहिलं. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट गोठवलं, म्हणजे आमच्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये. 2018 पासून हे मोफत आहे, आणि तुमचा नंबर कुठेही गेल्याची शंका आली तर त्याच दिवशी करा. इंटरनेटवरच्या गुन्ह्यांच्या तक्रारी घेणाऱ्या एफबीआयच्या आयसी3 केंद्राकडे, फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रारी केल्या.

परवाना ज्याचा त्याने काढायचा, राज्याच्या विभागाकडून. ऑनलाइन लगेच मिळतो. लॉज ठरवण्याआधी विचारा की हे रान म्हणजे परवानाधारक शूटिंग प्रिझर्व्ह आहे की मोकळं रान. प्रिझर्व्हवर 1 सप्टेंबर ते 31 मार्च शिकार चालते, पाळलेले पक्षी सोडलेले असतात आणि नियमही वेगळे असतात. त्यात गैर काही नाही, पण पाळलेले पक्षी ‘रानटी’ म्हणून विकणं मला फसवणूकच वाटते. आणि लॉज परवडत नसेल तर लॉजची गरजही नाही. वॉक-इन एरिया म्हणजे राज्याने शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतलेली जमीन. चालू परवाना असलेल्या कुणालाही तिथे फुकट, वेगळी परवानगी न घेता, पण पायीच शिरता येतं. शिवाय वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया आहेत, ती पाणपक्ष्यांसाठी राखलेली केंद्राची जमीन. तिथे शिशाचे छर्रे चालत नाहीत, स्टीलसारखे बिनविषारी लागतात. या सगळ्या जागा राज्याच्या सार्वजनिक शिकार नकाशात दाखवलेल्या आहेत. आम्ही शेवटी नोव्हेंबरात, खरे परवाने घेऊन, याच रानांत गेलो. मावसभावाने एक नर टिपला आणि आमच्या लॅबने तो पाणकणसातून शोधून आणला.

तीच जाहिरात आता नव्या नावाने पुन्हा फिरते आहे. लाल छपराचं गोदाम, त्यापुढे पांढरा ट्रक, फळीवर फेझंट आणि डाव्या टोकाला चार लावे. मजकूरही तसाच, ‘गट रद्द झाला, चार जागा रिकाम्या’. हा फोटो कुठेही दिसला तर त्या जाहिरातीची तिथल्या तिथे तक्रार करा, आणि तुमच्या ओळखीत कुणी आगाऊ रक्कम पाठवायच्या बेतात असेल तर त्याला आधी फोन करा.